बिडाच्या टेबलाचा टेबल सॉ: एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीत दहा इंची पात्याचा, दोन एचपी मोटरचा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं करवतयंत्र, घेतला. अंबडला घराच्या पार्किंगमध्ये मांडलाय. सागवान, प्लाय, एमडीएफ असं बरंच कापून झालं. मशीन दणकट आहे, पण खोक्यातून काढून लगेच कापायला घ्यायची वस्तू नाही ही.

टेबल चिकट पिवळ्या ग्रीसने माखलेलं येतं. गंज धरू नये म्हणून फासतात ते, पण त्यावर फळी सरकत नाही, वर डाग पडतात ते वेगळेच. जाड थर जुन्या एटीएम कार्डाने खरवडला आणि उरलेला टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला, दारं उघडी ठेवून. थिनरने रंग उतरतो. पेट्रोलचा तर विचारही नको. मग पेस्ट वॅक्सचा पातळ हात. सिलिकॉनवालं वॅक्स घेऊ नका, लाकडाला लागलं की त्यावर पॉलिश बसत नाही.

हे वॅक्स जूनमध्ये कामाला आलं. एका पाहुण्याने वॅक्स विरलेल्या कोपऱ्यावर घामट हात टेकवला आणि दुसऱ्या दिवशी तिथे पाचही बोटांसकट तांबूस पंजा उमटला! बारीक स्कॉचब्राइट आणि तेलाने गेला. पावसाळ्यात काम संपलं की भुसा झाडून टाका, तो ओल धरून बसतो.

जुळवणीला मात्र घाई करू नका. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून टेबलावर पात्याशेजारून जाणाऱ्या लांब खाचेपासूनचं अंतर मोजा. मग पातं फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. माझ्याकडे मागे अर्धा मिलीमीटर फरक निघाला. टेबलाखालचे बोल्ट सैल करून, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत तो काढला. फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची आडपट्टी, याच खाचेला समांतर लावायचा. मागच्या बाजूला तो पात्याकडे झुकला तर फळी अडकते, कड जळून काळी पडते, आणि मशीन लाकूड तुमच्याच अंगावर फेकतं. पातं नव्वद अंशात आहे का, ते गुण्या लावून बघा.

पात्यामागचा रायव्हिंग नाइफ, म्हणजे तिथली पातळ उभी पट्टी, लाकूड अंगावर येण्याच्या याच फटक्यापासून वाचवतो. चिरलेली फळी मिटून पात्याला धरू देत नाही. घरी आलेले मिस्त्री म्हणाले, "भाऊ, ते काढून टाका, आड येतं." ठेवलाय. अरुंद पट्टी चिरताना हात लांब ठेवायला पुश स्टिक, आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेच्या बाजूला. हातमोजे घालू नका. मनगटावरचा लाल दोरा, राखी, लोंबती बाही, यातलं काहीही पात्यापाशी नको. देवाचा दोरा काढायला मन होत नसेल तर बाहीत घट्ट खोचून वर रबर लावा, पण काढलेलाच बरा.

वीज सोळा अँपिअरच्या वेगळ्या लाइनवर, अर्थिंग तपासून घेतलेली. याच्या स्विचचा एक गुण आवडला: लाइट जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचा खेळ चालतो, तेव्हा याची किंमत कळली.

तक्रारी दोन. फेन्सची कडी ढिली पडते, त्यामुळे प्रत्येक कापणीआधी पट्टीने मोजतो. भुशाचं तोंड घरच्या व्हॅक्यूमच्या पाइपला बसत नाही; तात्पुरता जोड केलाय, तरी मास्क लागतोच. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी दोन्हींवर "बघतो" म्हणून फोन ठेवला.

पात्यावर राळ साचली की कापताना जळका वास येतो. पातं उतरवून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, नायलॉन ब्रशने घासा, कोरडं करून मगच बसवा, वरच्या बाजूचे दात तुमच्याकडे वळलेले. सोबत आलेलं चोवीस दातांचं पातं फळी उभी चिरायला ठीक आहे. प्लायसाठी साठ दातांचं वेगळं घ्या, नाहीतर सनमायकाचे टवके उडतात.