न्हावा शेवाहून मध्य युरोपात माल पाठवताना : रॉटरडॅम की त्रिएस्ते-कोपर?

चाकणमध्ये तयार झालेले वाहनांचे सुटे भाग ऑस्ट्रियातील ग्राझ, हंगेरीतील ग्योर किंवा जर्मनीतील म्युनिक येथील कारखान्यांना पाठवणाऱ्या निर्यातदाराला कंटेनर युरोपच्या कोणत्या बंदरावर उतरवायचा हे ठरवावे लागते. भारतातून जाणारा बराच माल सवयीने रॉटरडॅम, अँटवर्प किंवा हॅम्बुर्ग या उत्तरेकडील बंदरांवर उतरतो. दुसरा पर्याय एड्रियाटिक समुद्राच्या टोकाशी असलेल्या इटलीतील त्रिएस्ते आणि स्लोव्हेनियातील कोपर या शेजारी बंदरांचा आहे. माझे मत आधीच सांगतो. माल म्युनिकच्या पूर्वेकडे जाणारा असेल आणि सुएझमार्गे सेवा सुरळीत मिळत असेल, तर एड्रियाटिकला पसंती द्यावी. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार असेल किंवा माल नाशवंत असेल, तर रॉटरडॅम सोडू नये.

हा प्रश्न नकाशावर जितका सोपा दिसतो तितका सोपा नसण्याचे एक कारण युरोपीय संघाच्या वाहतूक नियोजनात आहे. सदस्य देशांचे लोहमार्ग, महामार्ग, अंतर्गत जलमार्ग आणि बंदरे एका जाळ्यात बांधण्याचे काम गेली तीन दशके चालू असून, त्याचा सध्याचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला. त्यात नऊ युरोपीय मार्गिका (अनेक देशांतून जाणारे मुख्य वाहतूक-पट्टे) आखलेल्या आहेत आणि जाळ्याचा गाभा २०३० पर्यंत, विस्तारित गाभा २०४० पर्यंत व संपूर्ण जाळे २०५० पर्यंत पूर्ण करण्याचे बंधन आहे. गाभ्यातील लोहमार्गांवर ७४० मीटर लांबीची मालगाडी, प्रत्येक आसावर साडेबावीस टन भार आणि ताशी १०० किलोमीटर वेग शक्य असावा, अशी अपेक्षा आहे. समुद्राचा विचार या आखणीत बराच काळ पुरवणीसारखा राहिला. २००१ च्या धोरणपत्रात ‘सागरी महामार्ग’ ही कल्पना पुढे आली, २००४ मध्ये तिला नियोजनात स्थान मिळाले आणि २०२४ च्या कायद्याने तिची जागा ‘युरोपीय सागरी अवकाश’ या व्यापक चौकटीने घेतली. आता बंदर, तिथून निघणारा लोहमार्ग आणि बंदरांमधील नियमित जहाजसेवा यांचा एकत्र विचार व्हावा, असा तिचा हेतू आहे.

असा एकत्र विचार प्रत्यक्षात कसा दिसतो, हे त्रिएस्तेच्या धक्क्यावर पाहावे. तुर्कस्तानातून येणाऱ्या रो-रो (वाहने चाकांवरच चढवता-उतरवता येणाऱ्या) जहाजांमधून मालाचे ट्रेलर उतरतात आणि त्यातील अनेक ट्रेलर तिथेच क्रेनने उचलून रेल्वेच्या खोलगट डब्यांवर ठेवले जातात. मग ते आल्प्स ओलांडून ऑस्ट्रिया व जर्मनीकडे जातात आणि शेवटच्या टप्प्यावर पुन्हा ट्रकला जोडले जातात. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हियातील युद्धामुळे बाल्कनमधला रस्ता बिनभरवशाचा झाला, तेव्हा ही सेवा वाढली आणि शांतता आल्यावरही टिकली, कारण तोवर बंदर आणि रेल्वे यांची वेळापत्रके एकमेकांत बसली होती. आपल्या कंटेनरला याच गाड्यांच्या वारंवारितेचा फायदा मिळतो. रेल्वेसेवा भरलेली असेल तरच ती रोज धावते, आणि तुर्की ट्रेलरांनी ती भरलेली असते.

आता समुद्रातील अंतर पाहू, कारण निर्णयाचा मोठा भाग इथेच ठरतो. मुंबईहून सुएझमार्गे रॉटरडॅम सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आहे, तर त्रिएस्ते सुमारे ४,३०० ते ४,४०० मैलांवर. म्हणजे जवळजवळ २,००० मैलांची बचत होते, आणि जहाज वाटेत फार बंदरे घेत नसेल तर ती पाच-सहा दिवसांची ठरते. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज येमेनमधील हुथी बंडखोरांनी ताब्यात घेतले आणि डिसेंबरपासून बड्या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील केप ऑफ गुड होपची वाट धरली, तेव्हा हे गणित उलटले. केपमार्गे रॉटरडॅम साडेदहा हजार मैलांच्या पुढे जाते, पण त्रिएस्तेला जाणाऱ्या जहाजाला जिब्राल्टरमधून आत शिरून इटलीला वळसा घालत एड्रियाटिकच्या टोकापर्यंत जावे लागते आणि एकूण अंतर रॉटरडॅमपेक्षाही काही शे मैलांनी वाढते. सुएझ चालू असताना जो पर्याय जवळचा असतो, तोच सुएझ बंद होताच दूरचा होतो. लोहमार्गाच्या मार्गिका २०३०, २०४० आणि २०५० ची मुदत धरून आखल्या जातात, तर समुद्रातली वाट दोन आठवड्यांत बदलू शकते. नियोजनकारांनी ही तफावत गांभीर्याने घ्यायला हवी, असे मला वाटते, कारण एड्रियाटिकवर खर्च होणाऱ्या प्रचंड पैशाचे मोल सुएझच्या सुरक्षिततेला बांधलेले आहे.

जमिनीवर मात्र एड्रियाटिकची बाजू भक्कम आहे. त्रिएस्तेहून व्हिएन्ना साधारण साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरवर आहे आणि रॉटरडॅमहून त्याच्या दुप्पट अंतरावर. डिसेंबर २०२५ मध्ये ग्राझ आणि क्लागेनफुर्ट यांना जोडणारा कोरआल्म लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. त्यातील सुमारे ३३ किलोमीटरच्या बोगद्यामुळे बाल्टिक-एड्रियाटिक मार्गिकेवरील एक मोठा अडसर दूर झाला. मात्र पुढचा सेमरिंगचा पायथ्याचा बोगदा अजून व्हायचा आहे, आणि तोवर व्हिएन्नाकडे थेट जाणाऱ्या जड गाड्यांना जुन्या घाटातूनच चढावे लागेल. म्युनिकच्या दिशेने ब्रेनरखालचा ५५ किलोमीटरचा बोगदा पूर्ण होण्यासही अजून काही वर्षे आहेत. कोपरची अडचण आणखी जवळची होती. बंदरातून निघणारा एकेरी लोहमार्ग समुद्रसपाटीपासून दिवाचा या जंक्शनपर्यंत ४०० मीटरहून अधिक चढतो, आणि या चढावर गाडीचे वजन मर्यादित ठेवावे लागते किंवा जादा इंजिन जोडावे लागते. त्यासाठी २७ किलोमीटरचा, बहुतांशी बोगद्यांतून जाणारा आणि सौम्य चढाचा नवा मार्ग बांधण्यात आला. कोपरमार्गे दर मागवताना आपली गाडी कोणत्या मार्गाने धावणार आणि आठवड्यातून किती वेळा सुटणार, हे फॉरवर्डरला (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या दलालाला) थेट विचारावे.

रॉटरडॅमची ताकद वेगळ्या प्रकारची आहे. २०२४ मध्ये तिथे वीस फुटी मापाने सुमारे १ कोटी ३८ लाख कंटेनर हाताळले गेले, तर कोपरमध्ये सुमारे ११ लाख. एवढ्या प्रमाणामुळे एक जहाज चुकले तर दुसरे लवकर मिळते, रिकामे कंटेनर सहज उपलब्ध असतात आणि जमिनीवरही तीन वाटा राहतात : ट्रक, रेल्वे आणि ऱ्हाइन नदीवरची बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव. बेटूवे हा केवळ मालगाड्यांसाठी बांधलेला १६० किलोमीटरचा लोहमार्ग २००७ पासून जर्मन सीमेपर्यंत पोहोचलेला आहे, पण सीमेपलीकडील तिसऱ्या समांतर लोहमार्गाचे काम वर्षानुवर्षे रखडले. एका देशाने आपला टप्पा वेळेत पूर्ण करायचा आणि शेजाऱ्याने मागे राहायचे, हा युरोपीय मार्गिकांचा जुना आजार आहे. ऱ्हाइनची बार्ज सर्वांत स्वस्त, पण नदीतील पाणी आटले की तिच्यावर भार कमी घ्यावा लागतो आणि जादा शुल्क लागते. २०१८ च्या शरदात आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ऱ्हाइनकाठच्या काउब येथील मापकावरील पाण्याची पातळी इतकी खाली गेली की बार्ज अर्ध्याहून कमी भारावर चालवाव्या लागल्या. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस निघणाऱ्या मालासाठी केवळ बार्जच्या दरावर विसंबू नये.

नाशिकच्या द्राक्षांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर (शीतकरण यंत्रणा असलेल्या) कंटेनरला सतत वीज लागते. जहाजावर आणि धक्क्यावर ती मिळते, पण सर्वसाधारण रेल्वे डब्यावर मिळत नाही, त्यामुळे डिझेल जनित्राची सोय करावी लागते. शिवाय वनस्पती-आरोग्याची तपासणी पहिल्या प्रवेशस्थानी मान्यताप्राप्त सीमा-तपासणी केंद्रात साधारणपणे होते. द्राक्षे तपासणारे निरीक्षक, शीतगृहे, पुन्हा पॅकिंग करणारे आणि सुपरमार्केटना माल पोहोचवणारे व्यापारी हे सगळे नेदरलँड्समध्ये एकत्र मिळतात. केपमार्गे प्रवास लांबतो तेव्हा फळाच्या आयुष्यातले दिवस आधीच कमी झालेले असतात, आणि उरलेले दिवस अनोळखी साखळीत घालवणे परवडत नाही. हंगेरीतील ग्राहकासाठीही द्राक्षे रॉटरडॅममार्गेच पाठवावीत, असा माझा आग्रह राहील.

खर्चाच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणात परवाने द्यायला लावणाऱ्या युरोपीय संघाच्या उत्सर्जन-व्यापार योजनेत २०२४ पासून जहाजे आली. बाहेरच्या बंदरातून येणाऱ्या सफरीच्या निम्म्या उत्सर्जनाचा हिशोब होतो. २०२४ साठी त्याच्या ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण भागाचे परवाने द्यावे लागतात, आणि हा बोजा फ्रेटच्या बिलात अधिभार म्हणून येतो. लांबच्या वाटेवर तो साहजिकच वाढतो. दुसरी गोष्ट कस्टम्सची. दोन्ही बंदरांवर टी-१ या संक्रमण-कागदावर माल कर न भरता ऑस्ट्रिया किंवा हंगेरीपर्यंत नेऊन तिथे सोडवता येतो. मात्र त्रिएस्ते १७१९ पासून मुक्त बंदर असल्याने तिथे माल दीर्घकाळ करमुक्त ठेवण्याची जास्तीची मोकळीक मिळते, आणि नेदरलँड्समध्ये परवानाधारक आयातदाराला आयातीवरील मूल्यवर्धित कर सीमेवर न भरता विवरणपत्रात दाखवता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत जहाज बदलणे. एड्रियाटिकला थेट जाणारी सेवा नसेल आणि वाटेत कंटेनर फीडर या छोट्या जोड-जहाजावर चढणार असेल, तर नकाशावरची दिवसांची बचत मधल्या बंदरातल्या थांब्यात बहुधा संपते.

हॅम्बुर्गचा विचार चेक प्रजासत्ताकातील मालासाठी जरूर करावा, कारण तिथले रेल्वेचे जाळे उत्तम आहे. ग्रीसमधील पिरेयस सुएझला आणखी जवळ असले, तरी तिथून बाल्कनमार्गे हंगेरीपर्यंतचा लोहमार्ग अजून एकसलग भरवशाचा नाही.

करार एफओबी (जहाजावर चढवण्यापर्यंतचाच खर्च विक्रेत्याचा) असेल तर जहाज आणि बंदर खरेदीदार ठरवतो, त्यामुळे ही सारी चर्चा त्याच्याशी आधी करावी. करार सीआयएफ किंवा सीएफआर (जहाजाचे भाडे विक्रेत्याकडे, सीआयएफमध्ये विमाही) असेल, तर दोन्ही बंदरांचे दर अंतिम ठिकाणापर्यंतच्या एकाच बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) मागवावेत, म्हणजे जहाज उशिरा आल्याने गाडी चुकली तर पुढची सोय करण्याची जबाबदारी जहाज कंपनीची राहील. वर्षभराचा करार करताना सुएझ आणि केप अशा दोन्ही वाटांचे दर व दिवस वेगवेगळे लिहून घ्यावेत, आणि सेवा केपकडे वळल्यास उतरण्याचे बंदर बदलण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवावा.