कॉन्टिकी-एनजी : पोचपावती आणि प्रत्यक्ष पोच

बॅटरीवर चालणाऱ्या लहान सेन्सर नोडसाठी असलेली कॉन्टिकी-एनजी ही मुक्त कार्यप्रणाली २०१७ मध्ये मूळ कॉन्टिकीतून वेगळी झाली. या परीक्षणात तिच्याबाबत एकच प्रश्न धरला आहे : नोडने घेतलेली नोंद वाटेत न हरवता आणि बॅटरी फारशी न खर्चता मुख्य केंद्रापर्यंत पोहोचते का?

न हरवण्याची बाजू बरीच भक्कम आहे. मार्ग ठरवणारा आरपीएल हा प्रोटोकॉल केवळ कमी टप्प्यांचा रस्ता पाहत नाही, तर प्रत्येक दुव्यावर एक पॅकेट पोहोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागते, याचा हिशेब ठेवतो. किंचित बरा शेजारी दिसला म्हणून तो लगेच मार्ग बदलत नाही, हे मला विशेष आवडले. रेडिओ दुव्यांची गुणवत्ता सतत हलत असते आणि प्रत्येक हेलकाव्यामागे धावणारे जाळे कधीच स्थिरावत नाही.

बचतीचे तसे नाही. सुरुवातीच्या मांडणीत सीएसएमए, म्हणजे चॅनेल मोकळे दिसले की पाठवण्याची पद्धत, निवडलेली असते आणि त्यात रेडिओ सतत चालू राहतो, त्यामुळे काहीही न पाठवता नुसते ऐकत बसण्यातच बॅटरी उतरते. नवखा वापरकर्ता याचा दोष हमखास बॅटरीला देईल. बचत हवी असेल तर टीएससीएच ही वेळापत्रकावर चालणारी पद्धत निवडावी लागते. त्यात सर्व नोड आपली घड्याळे जुळवून साधारण १० मिलिसेकंदांच्या नेमून दिलेल्या वेळेच्या खाचांमध्येच जागे होतात आणि चॅनेल बदलत राहतात, म्हणून एका चॅनेलवर वाय-फायचा अडथळा आला तरी पुढचा प्रयत्न बहुधा दुसरीकडे होतो. खाचांचे वेळापत्रक जुळवणे मात्र चिकाटीचे काम आहे.

सर्वांत फसवी गोष्ट पोचपावतीची. ती एका टप्प्यापुरती असते. पुढच्या नोडच्या रेडिओने पॅकेट घेतले की पाठवणाऱ्याला पावती मिळते. पण त्या नोडमधली, पुढे पाठवायच्या पॅकेटांची रांग आधीच भरलेली असेल, तर तेच पॅकेट तेथे टाकून दिले जाते आणि पाठवणारा निश्चिंत राहतो. मुख्य केंद्राजवळचे नोड साऱ्या जाळ्याचा भार वाहत असल्याने असे तेथेच अधिक घडते. म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांक देणे मी अनिवार्य मानतो, म्हणजे मधली गळलेली नोंद मुख्य केंद्राला कळते. महत्त्वाच्या नोंदींसाठी कोॲप या लहान उपकरणांच्या संदेश-प्रोटोकॉलमधले, थेट मुख्य केंद्राकडून पुष्टी मागणारे संदेश वापरावेत, मात्र सगळ्याच नोंदींना तसे केले तर परतीच्या वाहतुकीने तीच रांग पुन्हा भरते.

नोंद लहान ठेवणेही हिताचे, कारण रेडिओवरून एका वेळी जाणारी चौकट (फ्रेम) जास्तीत जास्त १२७ बाइटांचीच असते आणि मोठ्या संदेशाचा एक तुकडा हरवला की सगळा संदेश वाया जातो. सोबत मिळणाऱ्या कूजा सिम्युलेटरमध्ये मुद्दाम गर्दी निर्माण करून रांग भरून पॅकेट गळणे आणि तुकडा हरवून संदेश वाया जाणे हे दोन्ही प्रकार, एकही नोड विकत न घेता, आधीच पाहता येतात.