वळवाचा पाठलाग: रडार की दामिनी?

आमच्या वळीव-वेड्या कंपूतल्या एकाचा प्रश्न: "भावा, मोबाईलवर एकच काहीतरी बघायचं तर काय बघू?" म्हणजे हवामान खात्याचं रडार की 'दामिनी' हे विजांचं ॲप? खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट.

आगाऊ अंदाजात हवामान खात्याचं रडार पुढे. ढग कुठं जमलाय, कुठं सरकतोय, हे काही चित्रं ओळीनं पाहिली की कळतं. पण पणजीचं रडार आपल्या कोल्हापूरपासून सरळ रेषेत साधारण 140 किमी. पृथ्वीच्या वक्रतेमुळं त्याची शलाका (लहरींचा झोत) इथं येईस्तोवर दोनेक किलोमीटर उंच जाते; खालचं काही दिसत नाही. गेल्या मे महिन्यात चित्रात नुसता पिवळा ठिपका होता आणि इकडं रंकाळ्यावर धुळीचा लोट उठून भेळेचे कागद आभाळात! शिवाय रंग वाचायला सवय लागते.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' फक्त विजा दाखवतं, आपल्याभोवतीच्या 20 आणि 40 किमीच्या वर्तुळांत. शिकायला काही नाही. मात्र वीज पडल्यावरच ठिपका उमटतो, आणि रेंज गेली की संपलं.

पन्हाळ्यावरून ढगांचे फोटो काढायचे असतील तर दुपारपासून रडार. शेतात, गच्चीवर असाल तर दामिनी. आणि गडगडाट ऐकू आला की दोन्ही खिशात, आधी घरात.