झोप आणि गोळी यांचा एकत्र विचार करणारी ओपीडी

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे आणि त्यासाठी तिला रोजची गोळी आहे. तिच्यासाठी आम्ही बालमानसोपचार विभागाच्या झोपेच्या ओपीडीत जातो. अशा मुलांच्या झोपेचा विषय निघाला की सहसा दोनच सल्ले कानावर येतात: ‘गोळी बंद करा’, नाहीतर ‘झोपेचं काहीतरी सुरू करा’. इथे पहिल्या भेटीत यातलं एकही झालं नाही. हातात एक शीट मिळाली आणि दोन आठवड्यांनी या म्हणाले.

ही शीट मला फार आवडली. गोळी किती वाजता दिली, संध्याकाळी चिडचिड कधी सुरू झाली, अंथरुणावर कधी गेली, डोळा कधी लागला, घोरली का, पाय हलवत होती का, सकाळी उठवावं लागलं का, असे रकाने. सिस्टरांनी बजावून सांगितलं, ‘झोपलीस का असं विचारत बसू नका, दारातूनच बघा, अंदाज लिहिला तरी चालेल.’ सुटीच्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही गोळी देत नाही, त्या दिवसांना वेगळी खूण करायची होती.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी नेमक्या त्याच खुणांवर पेन्सिलने गोल केले. गोळी नसलेल्या रविवारीही पोरगी साडेदहा-अकरापर्यंत टक्क जागी होती. म्हणजे सगळं खापर गोळीवर फोडण्यात अर्थ नव्हता. एडीएचडीच्या बऱ्याच मुलांमध्ये औषधाशिवायही संध्याकाळचं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, उशिरा वाढतं, झोपच उशिरा येते, हे त्यांनी समजावून सांगितलं. गोळीच्या दिवशी मात्र आणखी तासभर उशीर होत होता, आणि तेवढा भाग गोळीच्या वेळेचा होता.

तिची एडीएचडीची गोळी म्हणजे साधं मिथाइलफेनिडेट. त्याचा असर तीन-चार तास राहतो. जास्त वेळ चालणाऱ्या प्रकारांचा ८ ते १२ तास. आमची दुसरी गोळी शाळेतून आल्यावर, चारच्या सुमारास व्हायची. ती डॉक्टरांनी मधल्या सुट्टीवर आणली, शाळेसाठी चिठ्ठीही दिली. संध्याकाळी औषध उतरताना मूल जास्तच उसळतं आणि आपल्याला वाटतं औषध चढलंय, हेही तिथेच कळलं. काही मुलांना तर संध्याकाळचा छोटा डोसच शांत झोप देतो म्हणे. त्यामुळे दुसऱ्याच्या मुलाची वेळ आपल्या मुलाला लावू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस हलवू नका.

पण खरा धागा सापडला तो पायांत. डॉक्टरांनी मला नाही, तिलाच विचारलं, ‘झोपताना पाय कसे वाटतात गं?’ ती म्हणाली, ‘आत मुंग्या चालतात. हलवले की थांबतात.’ रोज सकाळी तिची चादर पायथ्याशी गोळा झालेली असते, ते मी चुळबुळीतच धरत होते. रक्ताची तपासणी झाली. हिमोग्लोबिन चांगलं, पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, कमी. लोहाचा साठा कमी असला की झोपताना पाय असे अस्वस्थ होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं. शरीरात लोह जास्त झालं तरी त्रास होतो, म्हणून तपासणीशिवाय ते देऊ नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

समुपदेशक बाईंच्या दोन भेटी झाल्या. त्यांची पद्धत साधी: मुलीला सध्या ज्या वेळेला खरोखर झोप लागते, त्याच वेळेला अंथरुणावर न्यायचं आणि दर काही दिवसांनी पाव तास अलीकडे यायचं. उठण्याची वेळ रविवारीही तीच. २०१५ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या एडीएचडीच्या २४४ मुलांची चाचणी आली होती. त्यातही झोपेच्या सवयींवर अशाच मोजक्या भेटी होत्या, आणि झोपेबरोबर एडीएचडीची लक्षणंही कमी झाली होती. झोपेसाठी मेलाटोनिन औषध म्हणून द्यायचं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले नाहीत, आधी हे सगळं करून बघू म्हणाले. आता ती बहुतेक रात्री दहाच्या आत झोपते, आणि सकाळी दप्तर भरताना आमची रडारड होत नाही.

दर भेटीला उंची, वजन, नाडी, रक्तदाब बघतात. घाईच्या दिवशीसुद्धा हे सुटलेलं नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या मी तिथे लेखी दिल्या आहेत. टोकन मिळाल्यावर अरुंद पॅसेजमध्ये फार वेळ बसावं लागतं. एडीएचडीच्या मुलांना असं बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, एक मोकळी खोली तरी द्यायला हवी. फोनवरची मदत संध्याकाळी बंद होते, आणि आमचे प्रश्न रात्री सुरू होतात. शीटवर शाळेतल्या बाईंसाठी रकानाच नाही. वर्गात कधी पेंगते हे त्यांनाच माहीत असतं, म्हणून मी त्यांच्याकडून वेगळ्या कागदावर लिहून घेते.

मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) तपासायला ते लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. आमची पुढची भेट परीक्षेनंतर आहे, तेव्हा फेरिटिन पुन्हा बघणार आहेत.