स्कायलाइन घ्यावी की सुप्रा?

जपानात विकलेल्या या दोन्ही गाड्या कागदावर २८० अश्वशक्तीच्या. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेली ही मर्यादा, तिच्यावर फार विसंबू नये. खरा फरक वळणावर कळतो. निसान स्कायलाइन आर३४ जीटी-आरची (१९९९–२००२) मागची चाकं घसरू लागली की यंत्रणा पुढच्या चाकांकडेही ताकद वळवते. ओल्या रस्त्यावर धीर येतो. टोयोटा सुप्रा ए८० टर्बोची सगळी ताकद मागच्याच चाकांवर. पावसात ॲक्सिलरेटर जपून! पण तिचं ३ लिटरचं टू-जेझेड इंजिन भलतंच दणकट, वाढीव बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) निमूट सोसतं. शिवाय ती डाव्या स्टिअरिंगचीही मिळते. जीटी-आर मात्र उजव्याच स्टिअरिंगची; जिथे वाहतूक उजवीकडून चालते तिथे ओव्हरटेक करताना पुढचं दिसतच नाही. नेहमी चालवायला मी सुप्राच घेईन. जीटी-आरची किंमत ऐकली की ती झाकूनच ठेवावीशी वाटते.