किन्नगाइतचं नाचरं अस्वल

मूठभर आकाराचं हे ध्रुवीय अस्वल एका पायावर उभं राहून नाचतंय, आणि खाली चौथरा नाही. सगळा तोल त्या एका पंजावर. बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये मी दगडावर छिन्नी चालवायला शिकले, म्हणून मला याचं मोल कळतं: पाय बारीक केला तर तडकतो, जाड ठेवला तर नाच हरवतो.

भाचीनं टोरांटोच्या एका गॅलरीतून साडेचारशे डॉलरला घेतलं. काम कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या किन्नगाइत गावचं. शिल्पकार पौता सैला यांची नाचरी अस्वलं गाजली ती याच गावातून.

गॅलरीच्या पावतीवर ‘सोपस्टोन’ म्हणजे शंखजिरं लिहिलंय, पण दगड सर्पेंटाइन आहे, त्याहून कठीण. शंखजिऱ्यावर नखाचा ओरखडा उठतो, यावर उठत नाही. आपल्याकडे केसरियाजीची हिरवी फरशी मार्बल म्हणून बसवतात, तीही सर्पेंटाइनच. याच्या हिरव्यात काळ्या शिरा आहेत आणि कोरणाऱ्यानं त्या पाठीवर अशा घेतल्यात की वाऱ्यानं केस एका बाजूला पडल्यासारखे वाटतात. पाठ चकचकीत घासलीय, पंजांवर मात्र कानशीच्या रेघा ठेवल्यात. मला त्या रेघाच सर्वांत आवडल्या. हे कोरणं बहुतेक उघड्यावर, त्या थंडीत चालतं, कारण दगडाची धूळ छातीत जाते.

सोबत इग्लू टॅग आहे, म्हणजे काम इनुइट (तिथल्या मूळ रहिवासी) कलाकाराच्या हातचं असल्याची खूण. कॅनडा सरकारनं १९५८मध्ये सुरू केलेली ही खूण २०१७पासून इनुइट आर्ट फाउंडेशन सांभाळतं. तळाशी इनुइट लिपीत सही कोरलेली आहे. शेजाऱ्यांकडे परदेशातल्या विमानतळावरून आणलेलं असंच अस्वल आहे, पण ते साच्यातलं, रेझिनचं: कडेला जोडाची रेघ, वजन कमी. दगड हाताला गार लागतो, ते लागत नाही.

गॅलरीत वॉलरसच्या दाताचे आणि व्हेलच्या हाडाचे नमुनेही होते. मी भाचीला आधीच नको म्हणून सांगितलं होतं. वॉलरसचा दात कॅनडाबाहेर न्यायला साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो. हाडाचा पोत बघायचा तर बडोद्याच्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे.

तक्रार एकच: दगड कुठल्या खाणीतला, ते कागदावर नाही. एवढे पैसे घेतल्यावर ते लिहायलाच हवं. तरीही किंमत मला रास्त वाटते. पुसायला कोरडा मऊ ब्रश पुरतो, तेल लावू नका.