इलेक्ट्रिक ग्रिडल घ्यावा की तव्यावरच भागवावं?

पॅनकेकच्या नाश्त्यात एक माणूस ओट्याशी अडकतो. बाकीचे खाऊन उठतात तेव्हा कुठे त्याच्या ताटलीत शेवटचे दोन पडतात, तेही तळाशी उरलेल्या, घट्ट झालेल्या पिठाचे. इलेक्ट्रिक ग्रिडल, म्हणजे विजेवर तापणारा लांबट, सपाट, बिनकाठाचा तवा, विकत घ्यायचं खरं कारण हेच असतं: करणाऱ्यालाही पंगतीत बसायचं असतं. पॅनकेक त्यावर जास्त चवदार होतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चांगल्या तव्यावर तितकेच चवदार होतात, फक्त एका वेळी दोनच.

हिशेब करून पाहू. चार जणांना प्रत्येकी चार म्हणजे सोळा पॅनकेक. एकाला पाव कप, सुमारे 60 मिलिलिटर पीठ लागतं आणि ते पसरून साधारण दहा सेंटिमीटरचं होतं. 26 सेंटिमीटरच्या फ्रायपॅनचा सपाट तळ जेमतेम 20 सेंटिमीटर असतो, कारण कडा वर वळलेल्या असतात. त्यात दोन नीट मावतात. तिसरा कोंबलात तर उलटताना तो हमखास शेजारच्याच्या अंगावर पडतो. म्हणजे आठ घाणे, प्रत्येकी चार मिनिटं, अर्ध्या तासाहून जास्त उभं राहणं. 25 बाय 50 सेंटिमीटरच्या ग्रिडलवर मात्र आठ पॅनकेक एकदम बसतात. तो तापायला दहा मिनिटं घेतो, पण तेवढ्या वेळात पीठ कालवून मुरत ठेवता येतं. पुढे दोन घाण्यांत सगळं काम आटोपतं.

आता हाच हिशेब दोन माणसांसाठी करा. सहा पॅनकेक तव्यावर तीन घाण्यांत होतात. तवा चार मिनिटांत तापतो, म्हणजे एकूण सोळा मिनिटं. ग्रिडलला तापण्याची दहा आणि भाजण्याची चार, म्हणजे चौदा. दोन मिनिटं वाचवायला एवढं धूड कपाटातून काढायचं, धुवायचं आणि परत ठेवायचं हा सौदा मला तरी पटत नाही.

आचेचा स्वभाव

दोन्हींतला मुख्य फरक आचेच्या स्वभावात आहे. पॅनकेकला 190 अंश सेल्सिअसच्या आसपासचा पृष्ठभाग मानवतो. 140-150 अंशांच्या पुढे पिठातली प्रथिनं आणि साखर यांची जी प्रक्रिया जोर धरते, तिच्यामुळे तांबूस रंग आणि खरपूस वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. तापमान कमी पडलं तर पॅनकेक पांढुरके, चिवट होतात. जास्त झालं तर बाहेरून करपतात आणि आत पीठ कच्चं राहतं.

गॅसचं बटण ज्योत किती मोठी ते सांगतं, तवा किती तापलाय ते सांगत नाही. म्हणून पहिला घाणा फिका, दुसरा छान आणि चौथा काळपट असा प्रकार होतो. ज्योत तेवढीच असते, पण दोन घाण्यांच्या मधे तवा तापतच जातो. सराव असेल तर हात आपोआप बटणाकडे जातो. नसेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो जागीच चर्र करून आटला तर तवा अजून हवा तसा तापलेला नाही. गोळी होऊन इकडेतिकडे नाचू लागला तर पीठ ओतायला हरकत नाही. (या नाचाला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. त्या नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1756 मध्ये तो लिहून ठेवला. नाश्ता करताना कोणी चौकशी केली तर सांगायला बरं.)

ग्रिडलमध्ये ही राखण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून वीज चालू-बंद करणारा भाग, करतो. कॉइल चालू होते, बंद होते, दिवा लागतो, विझतो आणि दुसरा घाणा पहिल्यासारखाच निघतो. मात्र ग्रिडल सगळीकडे सारखा तापतो या जाहिरातीतल्या वाक्याला भुलू नका. पत्र्याखाली कॉइल वळणं घेत गेलेली असते. तिच्या बरोबर वर जास्त आच, कोपऱ्यांत कमी. ॲल्युमिनियम उष्णता चटकन पसरवतं, बिडापेक्षा कितीतरी जास्त, पण पत्रा पातळ असेल तर पट्टे दिसतातच. नवीन ग्रिडलवर पहिल्याच दिवशी ब्रेडच्या स्लाइस कडेला कड लावून मांडा, सगळ्या एकदम भाजा आणि उलटून बघा. कुठे लाल, कुठे पांढरं याचा नकाशा समोर येतो. तो लक्षात ठेवला की गार कोपरेसुद्धा कामाचे ठरतात.

आणि आता ग्रिडलची कमजोर बाजू. नेहमीचा ग्रिडल 1500 वॅटचा असतो. ही शक्ती 1250 चौरस सेंटिमीटरवर पसरली की प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला जेमतेम 1.2 वॅट येतात. गॅसचा मोठा बर्नर सुमारे तीन किलोवॅटचा. त्यातली निम्मीच उष्णता तव्यापर्यंत पोचली तरी लहान तळावर ती तिपटीहून जास्त दाट पडते. पॅनकेकला याचा त्रास होत नाही, त्याला जोर नको, सातत्य हवं. पण फ्रिजमधून काढलेल्या मशरूमचा ढीग ग्रिडलवर टाकलात तर पत्रा गार पडतो, पाणी सुटतं आणि मशरूम भाजण्याऐवजी आपल्याच पाण्यात शिजत बसतात. मांसाच्या जाड तुकड्याला कडक कवच आणायचं असेल तर बिडाचा तवा मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवावा. त्या कामाला ग्रिडल काढूच नये.

बाकीचे पदार्थ

फ्रेंच टोस्ट 175 अंशांवर ग्रिडलवर फार छान होतात, पॅनकेकपेक्षाही निश्चिंतपणे. चीज सँडविचही जमतं, फक्त वर एखादं भांडं पालथं घाला, नाहीतर चीज वितळायच्या आत ब्रेड कडक होतो. भाज्यांचे पातळ काप आणि पातळ मासा ठीक. अंड्यांना 150 अंश पुरतात, पण इथे गंमत आहे: चरबी निथळून ट्रेमध्ये जावी म्हणून बऱ्याच ग्रिडलना किंचित उतार दिलेला असतो आणि अंड्याचा पांढरा भाग त्या उतारानं थेट भोकाकडे निघतो. रस्सा, सॉस, खूप तेलात परतणं हे सगळं सोडून द्या, त्याला काठच नाहीत.

आणखी एक अडचण म्हणजे थर्मोस्टॅट एकच असतो. पॅनकेक 190 वर आणि अंडी 150 वर एकाच वेळी हवी असतील तर तव्यांची जोडी दोन बर्नरवर हे काम सहज करते. ग्रिडलवर अंडी त्या गार कोपऱ्यांत ढकलावी लागतात.

लेप, वीज आणि धुणं

नॉनस्टिकच्या बाबतीत ग्रिडल जास्त सुरक्षित, हे मी ठामपणे म्हणेन. 1938 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानेच लागलेला टेफ्लॉन हा लेपाचा पदार्थ 260 अंशांच्या वर खराब होऊ लागतो आणि फार तापला तर विषारी धूर सोडतो. पाळलेल्या पक्ष्यांचा त्यानं जीव जाऊ शकतो. मोठ्या ज्योतीवर विसरलेला रिकामा नॉनस्टिक तवा काही मिनिटांत त्या हद्दीत पोचतो. ग्रिडलची तापमान ठरवायची चकती बहुधा 200 अंशांच्या आसपासच थांबते. पण लेप गेला की अख्खा ग्रिडल भंगारात. बिडाचा तवा मात्र घासून, तेल पाजून पुन्हा उभा राहतो. लेप टिकवायचा असेल तर लाकडी उलथणं वापरा आणि फवाऱ्याचं तेल टाळा, त्यातलं लेसिथिन चिकट थर धरतं. कापडाला दोन थेंब तेल लावून पुसलं तरी पुरतं.

विजेचा खर्च नगण्य आहे. अर्धा तास सलग पूर्ण जोरात चालला तरी पाऊण युनिट, आणि थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो म्हणून त्याहूनही कमी. भार मात्र नगण्य नाही: 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर, 120 व्होल्टवर साडेबारा. माझ्या ग्रिडलच्या पहिल्याच सकाळी मी शेजारच्या सॉकेटमध्ये चहाची किटली लावली. स्वयंपाकघर अंधारात, आठ पॅनकेक अर्धे कच्चे आणि पाहुणे माझ्याकडे बघत होते. एक्स्टेन्शनची बारीक वायर तर नकोच.

गॅसच्या दोन बर्नरवर आडवी ठेवायची बिडाची लांब पट्टी हा तिसरा पर्याय. जागा भरपूर मिळते, पण ज्योतींच्या वर करपतं, मधे फिकं राहतं आणि उचलताना मनगट बोलतं. रोज वापरणाऱ्यानंच ती घ्यावी.

चार किंवा जास्त माणसं आणि महिन्यातून दोनदा तरी असा नाश्ता, तर ग्रिडल घ्या. त्याहून कमी असेल तर जाड बुडाचा सपाट तवा आणि थोडा सराव. दुसऱ्या बाजूला पहिलीच्या निम्माच वेळ द्यायचा आणि जाळी पडून भोकं उघडी राहिली, कडा कोरड्या दिसू लागल्या, की मगच उलटायचं. हे दोन्हीकडे सारखंच.

घ्यायचं ठरलं तर दुकानात जाण्याआधी घरातलं सिंक मोजा. थर्मोस्टॅटची पिन निघते का आणि पत्रा पाण्यात बुडवायला चालतो का हे पत्रकात वाचा, कारण सगळ्यांना चालत नाही. पन्नास सेंटिमीटरचा पत्रा चाळीसच्या सिंकमध्ये तिरका धरून धुताना अर्धं पाणी ओट्यावर आणि अर्धं आपल्या पायांवर पडतं.